तीन राजांना कोणी वाढले

एकदा एका व्यापाऱ्याला धर्माविषयी प्रश्न पडला. व्यापाऱ्याला धर्माविषयी प्रश्न पडला की खुशाल समजावे, घरातल्या कुणाची तरी सुट्टी रद्द होणार आहे.

हा व्यापारी राहत होता आयर्लंड नावाच्या बेटावर, खाडीकाठच्या एका गावात. धंदा लोकरीचा. त्या बेटावर नाताळ एका दिवसात आटोपत नाही, चांगला बारा दिवस चालतो. बारा दिवस पाहुणे, बारा दिवस रांधणे, बारा दिवस भांडी. पुरुष मंडळी शेकोटीपाशी बसून गाणी म्हणतात आणि येशू जन्मल्याचा आनंद त्यांना बसल्या जागी होतो. मग सहा जानेवारी उजाडते. पूर्वेकडचे तीन राजे ताऱ्याचा माग काढत बाळाला पाहायला आले, तो हा दिवस. आपल्या हिशेबाने बारसेच म्हणा. त्या गावात या दिवसाला ‘बायकांचा नाताळ’ म्हणतात. रीत अशी, की त्या दिवशी घरच्या बाईने चुलीला हात लावायचा नाही. चूल, मुले, गोठा, सगळे पुरुषाने पाहायचे. बायका एका घरी जमतात, चहा पितात, मनुका घातलेला केक खातात आणि बारा दिवस पोटात ठेवलेले सगळे बोलून टाकतात. अंधार पडला की शेणाच्या गोळ्यात बारा वाती खोचून लावतात आणि सणाची सांगता होते.

व्यापाऱ्याच्या बायकोला या दिवसाची ओढ इतरांहून जास्त. तिची थोरली बहीण खाडीपलीकडे दिलेली. ती वर्षातून या एकाच दिवशी नावेने यायची आणि ओहोटी लागायच्या आत परत निघायची. दोघींची वर्षाची भेट ती तेवढीच.

त्या वर्षी व्यापाऱ्याने नेमके त्याच दिवशी लोकर घेणाऱ्या तिघा पाहुण्यांना जेवायला बोलावले.

“अगं, मोठी माणसं आहेत. यंदा जाऊ नकोस,” तो म्हणाला.

“तुम्ही रांधा की. आज तुमचीच पाळी आहे.”

“माझ्या हातचं जेवून ते माझी लोकर घेतील का?”

“लोकर मेंढीची आहे. ती काही तुम्ही रांधलेली नाही.”

व्यापारी बोलण्यात हरला, म्हणून धर्माकडे गेला. गावाबाहेर मठात एक वृद्ध साधू राहत. दारातच त्यांचा शिष्य भेटला. शिष्य मोठा व्युत्पन्न. सारे धर्मग्रंथ मुखोद्गत, एवढे की चालतानाही ओठ हलत. मात्र गावात त्याला आजवर कोणी काही विचारलेच नव्हते.

“शास्त्रीबुवा,” व्यापारी म्हणाला, “हा बायकांचा नाताळ पोथीत आहे का हो?”

शिष्याचा चेहरा उजळला. “नाही. चारही शुभवर्तमानांत नाही. ही केवळ लोकरूढी.”

“म्हणजे पाळलीच पाहिजे असं नाही?”

“मुळीच नाही.”

व्यापाऱ्याने घरी येऊन हा निकाल बायकोला ऐकवला. तिने मांडीवरचे धाकटे मूल कडेवर घेतले आणि तडक मठाची वाट धरली. मागून व्यापारी धापा टाकत. साधू अंगणात कांद्यांची वेणी घालत बसले होते.

“बाबा,” ती म्हणाली, “तुमच्या ह्या विद्वानानं माझा सण गिळला, वर्षाची बहिणीची भेटही गिळली. ह्याला विचारा, हा रोज दोन वेळा जेवतो ते कुठल्या पोथीत लिहिलंय?”

साधूंनी शिष्याकडे पाहिले. “हा दिवस पोथीत नाही म्हणालास?”

“नाहीच आहे, बाबा.”

“खरं आहे,” साधू म्हणाले. “मग बाई, तुम्ही आज बहिणीकडे जायचं नाही. घरीच थांबा.”

व्यापाऱ्याने आनंदाने डोळे मिटून घेतले. बाईच्या तोंडचे पाणी पळाले. “तिची नाव सकाळीच लागलीय,” ती हळू आवाजात म्हणाली. “ती माझी वाट बघत बसेल.”

“ऐकलं मी. पण पोथी पाळायची तर पुरी पाळायची. दुपारी मी स्वतः येतो आणि नीट पाळली जाते की नाही, पाहतो.”

“तुम्हाला बहीण नाही, हे दिसतंच आहे,” एवढे बोलून ती घरी गेली.

दुपारी साधू शिष्याला घेऊन आले. बाईने कमरेला फडके गुंडाळले होते आणि ती बटाट्यांवर सूड उगवत होती. साधूंनी चुलीसमोर, खिडकीपाशी एक खुर्ची ठेवली.

“बाई, सुरी खाली ठेवा. इथे बसा. मूल मांडीवर घ्या.” मग ते शिष्याकडे वळले. “राजे आले तेव्हा बाळाची आई काय करत होती? पोथीतलं सांग.”

“‘त्यांनी घरात जाऊन बाळाला त्याच्या आईजवळ पाहिले,’” शिष्याने म्हणून दाखवले.

“पुढे? ती उठली? तिनं पाणी दिलं? चूल फुंकली?”

“तसं काही लिहिलेलं नाही.”

“मग जे लिहिलेलं नाही, ते आज या घरात व्हायचं नाही. बाई, सूर्य मावळेपर्यंत तुम्ही मूल घेऊन बसायचं. उठायचं नाही.”

व्यापारी म्हणाला, “आणि जेवण?”

“ते पोथीत कुठे आहे?”

इतक्यात दार वाजले. तिन्ही पाहुणे थंडीने काकडलेले, भुकेने कावलेले आत आले आणि शेकोटीपाशी हात शेकत बसले. साधूंनी त्यांची विचारपूस केली.

“तुम्ही तिघंही संसारी दिसता. आज तुमच्या घरी चूल कोण पाहतंय?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. त्यातला एक खालमानेने म्हणाला, “म्हणून तर आजचं आमंत्रण घेतलं.”

आता व्यापाऱ्यापुढे इलाज उरला नाही. त्याने ते फडके कमरेला गुंडाळायचा प्रयत्न केला, पण पोटापुढे त्याची टोके एकमेकांना भेटेनात. शिष्याला बटाटे सोलायला बसवले. तो इतक्या एकाग्रतेने सोलू लागला की सालींचा ढीग झाला आणि हातात सुपारी उरली.

“अरे, सोलल्यावर बटाटा उरायचा असतो,” खुर्चीतून बाई म्हणाली.

चुलीत धूर झाला. बदक एका अंगाने काळे पडले आणि दुसऱ्या अंगाने जिवंत दिसू लागले. व्यापारी मीठ शोधू लागला. फळीवर पाहिले, फडताळात पाहिले, पिठाच्या डब्यात हात घातला.

“अगं, मीठ कुठे असतं?”

बाईने साधूंकडे पाहिले. “सांगू का, बाबा? पोथीत आहे का?”

साधूंनी शिष्याकडे पाहिले. शिष्याने नकारार्थी मान हलवली.

“नाही सांगता येणार,” साधू म्हणाले.

मीठ चुलीशेजारी टांगलेल्या लाकडी पेटीत होते. लग्न झाल्यापासून व्यापारी रोज त्याच पेटीखाली बसून जेवत आला होता. शेवटी तिच्यावर डोके आपटले तेव्हा ती त्याला सापडली.

बाई हसली नाही. मूल झोपले होते आणि तिची नजर खिडकीबाहेर होती. खाली किनाऱ्याला बहिणीची नाव पाण्यावर हलत होती. नाव डुलत होती तोवर भरती होती. वाळूला टेकायला लागली की बहीण उठणार. बाई थोडा वेळ नावेकडे पाही, मग थोडा वेळ नवऱ्याकडे पाही. त्याच्या हातून काही निसटले की फक्त डोळे मिटून घेई.

“अगं, तू माझ्याकडे बघू नकोस,” व्यापारी म्हणाला.

“मग कुठे बघू? मला हलायची बंदी आहे.”

त्याने भाकरी उलटली. ती चुलीत गेली. त्याने ती हाताने काढली, बोटे भाजली, भाकरी टाकली, आणि वळून पाहिले तर बाईने पुन्हा डोळे मिटले होते. तो हात चोळत साधूंपुढे उभा राहिला.

“बाबा, हिला जाऊ द्या.”

“पोथीत नाही.”

“पोथी राहू द्या हो. हिच्यासमोर मला नाही जमत. ही गेली तरी मी जाळीनच, पण निवांत जाळीन.”

“आणि पुढच्या वर्षी?”

व्यापाऱ्याने खिडकीतून नावेकडे पाहिले. पहिल्यांदाच पाहिले असावे. “पुढच्या वर्षी नाव बांधायला मीच किनाऱ्यावर जाईन,” तो म्हणाला. “दर वर्षी जाईन.”

“मग उठा, बाई.”

बाईने झोपलेले मूल शिष्याच्या हातात दिले आणि शाल घ्यायलाही ती थांबली नाही. दारातून फक्त तिची पाठ दिसली. नाव अजून डुलत होती.

जेवण झाले. त्याला जेवण म्हणण्याचा मोठेपणा पाहुण्यांनी दाखवला. तिघांनी मुकाट्याने खाल्ले, आपापली भांडी घासली आणि आज लवकर घरी पोचलेले बरे, असे म्हणून निघाले. लोकरही घेऊन गेले.

शिष्य मात्र मूल सांभाळत खिन्न बसला होता. “बाबा,” तो म्हणाला, “मी खोटं तर काही सांगितलं नव्हतं.”

“नाही. खरंच सांगितलंस. पण पोथीत ही सहा जानेवारीही नाही. राजे तीन होते, हेही नाही. भेटवस्तू तीन लिहिल्या आहेत, म्हणून आपण माणसंही तीन धरली. ते सगळं तुझ्या घशाखाली सुखानं उतरलं. अडलं ते एका बाईच्या सुट्टीशी.”

शिष्याने मांडीवरचे मूल सावरून घेतले.

“विचार कर,” साधू म्हणाले. “लांबून आलेली माणसं. थंडी. दारात उंट. घरात ओली बाळंतीण. राजांनी सोनं दिलं, ऊद दिला, बोळ दिला. बोळ हे बाळंतिणीचं औषध. त्यांच्यापैकी एकाला ते सुचलं, म्हणजे त्याची पिशवी त्याच्या बायकोनं भरली असणार. कुणी काय दिलं ते पोथीनं ओळीनं लिहून ठेवलं. मग त्या माणसांना गरम पाणी कोणी दिलं? उंटांपुढे चारा कोणी टाकला? रात्री राजे जेवले काय? ते लिहायचं राहिलं. कारण लिहिणारा त्या वेळी जेवत होता.”

“मग हा दिवस तिथून आला?”

“मला तरी तसं वाटतं. पोथीत एक ओळ सुटली होती. बायकांनी हातात लेखणी घेतली नाही, त्यांनी एक दिवस हातातला वाढायचा डाव खाली ठेवला. ज्या घरात डाव खाली ठेवला जातो, त्या घराला ती ओळ बरोबर वाचता येते. आज तूही वाचलीस, सुपारीएवढे बटाटे सोलून.”

शिष्याने मान वर केली. “पण बाबा, व्यापारी विरघळला नसता तर? नाव निघून गेली असती. भेट चुकली असती.”

“मी संसार केला नाही,” साधू म्हणाले, “पण लहानपणी आईच्या डोळ्यांदेखत एकदा चूल पेटवली होती. त्या नजरेखाली कोणी फार काळ टिकत नाही.”

त्या वेळी मूल जागे झाले आणि शिष्याची मांडी ओली झाली. हेही कोणत्याच ग्रंथात नव्हते. शिष्याने मुकाट्याने दुपटे बदलले, पहिल्या खेपेला उलटे, दुसऱ्या खेपेला बरे.

अंधार पडता पडता बाई परतली. चेहरा हसरा, आवाज बोलून बोलून बसलेला. घरात जळका वास होता. व्यापारी झाडून काढत होता आणि कोपऱ्यांना वळसा घालत होता. उंबऱ्याशी शिष्य उकिडवा बसला होता, कोपरापर्यंत शेणाने भरलेला. समोर शेणाचा गोळा, गोळ्यात वाकड्यातिकड्या बारा वाती, आणि तो एकेक लावत होता.

“काय रे शास्त्रीबुवा,” बाई म्हणाली, “हे पोथीत आहे का?”

“नाही, ताई,” तो म्हणाला आणि पुढची वात लावली.

आपल्याकडे सणाला पोटभर जेवून हात धुताना पुरुष म्हणतात, यंदा सण छान झाला. सण आपोआप होत नसतो. जिने तो केला तिला त्याच वेळी विचारावे, तू जेवलीस का?