अस्वलिणीच्या पंज्यातली विणकरीण

सागाच्या एका दाट जंगलात एक अस्वलीण राहत असे, आणि तिच्या उजव्या पंज्याच्या आत एक विणकरीण राहत असे. हसू नका बाळांनो, खरंच सांगतो. ही विणकरीण म्हणजे एक इवलीशी पेशी होती. कातडी आणि मांस यांच्यामध्ये जी चिंचोळी जागा असते ना, तिथे तिचं घर. तिचे हात इतके लांब आणि बारीक, की एक रक्ताच्या नळीला टेकलेला, दुसरा शेजारणीच्या हातात, तिसरा आणखी कुठे लांब. बसल्या जागी ती चिवट धागे विणायची, आणि त्या धाग्यांनी अख्खा पंजा धरून ठेवलेला असायचा. अस्वलिणीला याचा पत्ताही नव्हता. तिला दोन पिल्लं होती. या पंज्यानं वारूळ फोडलं तरच त्यांच्या पोटात काही पडे, एवढंच तिला ठाऊक.

जवळच्या रक्ताच्या नळीतून पांढऱ्या पेशींची फौज गस्त घालायची. तिच्यात एक शिपाई होता. हाडातल्या छावणीतून नुकताच बाहेर पडलेला, पण तोरा असा, की जणू दहा लढाया मारून आलाय! नळीच्या भिंतीआडून तो ओरडला, “काय गं विणकरणी, विणत बस तू! कातडी-मांसामधली नुसती भर आहेस, दुसरं काय जमणार तुला?”

“बरं बाबा,” विणकरीण म्हणाली आणि विणत राहिली.

तेवढ्यात अस्वलिणीच्या पंज्यात बाभळीचा लांबलचक काटा घुसला. तिने दातांनी तो उपटला, पण त्याच्याबरोबर शिरलेले चिखलातले हजारो जंतू आतच राहिले. शिपायाला एकदम एक तीव्र वास आला. त्या वासासरशी पाय आपोआप वळले, नळीच्या भिंतीत बारीक फट उघडली आणि तो बाहेर पडला. बाहेर मिट्ट काळोख, पण पायाखाली एक ताणलेला धागा होता. त्या धाग्यावरून तो धावला तो थेट जंतूंच्या पुढ्यात! मागून शेकडो शिपाई त्याच वासाने आणि त्याच वाटेने आले. दुपारपर्यंत जंतूंचा फडशा पडला.

आता परत फिरायचं की नाही? पण या शिपायांची एक खोड होती. अंगातला जाळणारा रस एकदा ओतायला लागले, की समोर शत्रू आहे की घराची भिंत, हे ते बघतच नसत. जंतू संपले तरी लढाई चालूच राहिली. पंजा भोपळ्यासारखा सुजला. दुसऱ्या दिवशी अस्वलिणीला तो जमिनीला टेकवेना. उपाशी पिल्लं तिच्या कुशीत तोंड खुपसून कुरकुरत होती. पंजा असाच जळत राहिला असता, तर तो कायमचा गेला असता.

रस ओतता ओतता शिपायाच्या कानावर कण्हणं आलं. त्याने वाकून पाहिलं. तो जाळत होता तो विणकरणीचा हात होता! आणि तिचा दुसरा हात त्याच्याच तोंडात घास भरवत होता. त्या हाताच्या मागोमाग त्याची नजर गेली, आणि त्याला सगळं दिसलं. वास तिने धाडला होता. फट तिच्या निरोपाने उघडली होती. ज्या धाग्यावरून तो धावत आला, तो तिनेच विणला होता. लांबवर, जिथवर नजर जाईल तिथवर, हातात हात गुंफून तिच्या शेजारणी बसल्या होत्या, आणि प्रत्येकीजवळ त्याच्यासारखे शिपाई घास खात उभे होते. शिपायाचा तोरा पार गळून गेला. एवढं अफाट काही त्याने कधी पाहिलं नव्हतं.

“बाई,” तो हळूच म्हणाला, “मी तुम्हाला जाळतोय, आणि तुम्ही मला भरवताय?”

“भीती वाटते रे,” विणकरीण म्हणाली. “तुम्ही गेलात आणि पुन्हा जंतू आले तर? म्हणून वास धाडून हाका मारतेय, भरवतेय.”

“पण आता इथे जाळणारे आम्हीच उरलोय. हाका थांबवा. घासही थांबवा.”

“घास थांबवला तर आजचा दिवसही काढणार नाहीस तू.”

“ठाऊक आहे. तरी थांबवा.”

विणकरणीने भरवणारा हात मागे घेतला, आणि शेजारणींना निरोप दिला: “पुरे आता.” तो निरोप हातोहात साऱ्या पंज्यात पोचला. शिपायांनी रस ओतायचं थांबवलं, आणि एकेक जण कायमचा निजू लागला. मोठ्या सफाईवाल्या पेशी आल्या आणि निजलेल्या शिपायांना एकेक करून अलगद पोटात घेऊ लागल्या. आपला शिपाई विणकरणीच्या धाग्याला टेकून बसला. ती जखमेच्या दोन कडा एकमेकींकडे ओढत होती, आणि तो डोळे मिटेपर्यंत ते बघत राहिला.

काही दिवसांनी अस्वलिणीने पंजा जपून जमिनीवर टेकवला. दुखलं नाही. मग तिने एका फटक्यात वारूळ फोडलं, आणि पिल्लं आतल्या वाळवीवर तुटून पडली.

तात्पर्य : मदतीला धावून जाणारा शूर खरा, पण काम झालं हे ओळखून जो वेळीच थांबतो, त्याच्यामुळेच घर वाचतं.