मिशीवरचं श्रीखंड

आटपाट सोसायटी होती, तिचा एक ग्रुप होता. कुणी काही लिहिलं, की रेगेसर चुकांभोवती लाल गोल काढून सगळ्यांना दाखवायचे. मालूवहिनींच्या उद्यापनाच्या आमंत्रणावर तर गोलच गोल! धास्तीने बायकांनी लिहिणंच सोडलं.

उद्यापनाला सर पोटभर जेवले आणि भाषणाला उठले. मिशीवर श्रीखंडाचा गोळा! वहिनींनी त्यांना दाराआड बोलावून हळूच सांगितलं.

सरांनी मिशी पुसली. "वाचवलंत हो! चारचौघांत सांगितलं असतंत, तर शोभाच झाली असती."

"फोटो काढून, लाल गोल करून ग्रुपवर टाकणार होते," वहिनी हसल्या, "पण म्हटलं, कानात सांगितलं तरी मिशी पुसली जातेच की!"

सर ओशाळले, मग खो खो हसले. तेव्हापासून ते ज्याची चूक त्यालाच एकट्याला कळवतात, आणि ग्रुपवर पुन्हा किलबिलाट असतो.

जसे रेगेसर मालूवहिनींना पावले, तसे तुमच्याआमच्या ग्रुपवरचे सरही पावोत!