बंद मॉडेलचा भाव

"धडधाकट माणूस असा कसा जातो?" हणमंत भेटेल त्याला हेच विचारत होता. दादाला जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि त्याची छोटी एसयूव्ही विकून वहिनीला पिठाची गिरणी घालायची होती.

हणमंत वहिनीला घेऊन जुन्या गाड्यांचे व्यापारी गजाननशेठ यांच्या दुकानी गाडी दाखवायला गेला. शेठनी टायरला लाथ मारून पाहिली. "पळते झकास. पण कंपनीनं हे मॉडेलच बंद केलंय. भंगाराचा भाव देईन."

हणमंताच्या डोक्यात तिडीक गेली. समोर दुकानाच्या भिंतीवर हार घातलेला मोठा फोटो होता. "हे कोण, शेठ?"

"आमचे आबा!" शेठनी हात जोडले. "असली माणसं बनवायचं देवानं बंद केलं रे!"

हणमंत सरळ खुर्चीवर चढून फोटो उतरवू लागला.

"अरे, काय करतोस?"

"मॉडेल बंद झालंय ना? भंगारात घालून येतो."

जमलेली गिऱ्हाइकं खो-खो हसली. शेठनी घाम पुसत चांगल्या गाडीचा भाव दिला.

पैसे वहिनीच्या हातात देऊन हणमंतानं तिला गाडीत बसवलं आणि गाडी सुरू केली.

"ए, गाडी माझी झाली!"

"गाडी तुमची, शेठ. पेट्रोल दादानं भरलेलं आहे."

ते संपेपर्यंत त्यानं वहिनीला गावभर फिरवलं, आणि मग गाडी ढकलत आणून शेठच्या दारात लावली.