वरून वाळलेली जमीन

एकदा एका वृद्ध नृत्याचार्यांच्या शिष्येचा पाय दुखू लागला. ती पडली नव्हती, पाय मुरगळला नव्हता, कशाला ठेचही लागली नव्हती. नाचायला सुरुवात केली की कळ यायची, जरा वेळाने ओसरायची, आणि घरी गेल्यावर दुप्पट होऊन परतायची. पावलाच्या वरच्या बाजूला एका जागी नुसतं बोट टेकवलं तरी ती ओरडायची. वैद्यांनी पाय पाहिला आणि म्हणाले, "हाडाला केसाएवढी चीर गेली आहे. हे एका घावाचं काम नव्हे. त्याच जागी रोज बसणाऱ्या बारीक बारीक घावांचं आहे. विश्रांती हवी. किती, ते हाड ठरवेल."

हे शेवटचं वाक्य मुलीला फार झोंबलं. हाड कोण ठरवणारं? चैत्रातल्या उत्सवात राजाच्या नाट्यशाळेचे जाणकार मुली निवडायला येणार होते. अशी निवड पुन्हा कधी होईल, कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती काही काळ निमूट बसली. कळ थांबली. आई शेजारी गेल्याचं पाहून तिने माजघरात हळूच पाय वाजवून पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कळ दारात हजर. वैद्यांनी विश्रांती पुन्हा पहिल्यापासून सांगितली. तेव्हापासून ती स्वतःच्या पायाशीच वैर धरून बसली.

आईसुद्धा चिडलेली होती. पण तिच्याकडे राग काढायला दुखरा पाय नव्हता, म्हणून ती आचार्यांकडे गेली.

"गुरुजी, बाकीच्यांच्या मुली नाचताहेत आणि माझी काय करते, तर मंडपाची राखण! यासाठी पाठवली होती का तुमच्याकडे?"

राखणीची गोष्ट खरी होती. उत्सवासाठी मंडपात नवी जमीन केली होती. माती भिजवून, चोपण्याने चोपून, वर शेणाने सारवलेली. अशी जमीन सावलीत, आपल्या गतीने वाळावी लागते. तोवर तिच्यावर कुणी पाऊल टाकायचं नाही. आचार्यांनी त्या मुलीला तिथे बसवलं होतं, आणि तिने आपला सगळा राग त्या कामात ओतला होता. शेळ्यांना, कुत्र्यांना, मैत्रिणींना तिने सारख्याच शिव्या घातल्या होत्या.

"कळ थांबलीय. सूज उतरलीय," आई म्हणाली. "आता नाचू द्या तिला. की तुमच्यासारखे केस पांढरे झाल्यावर नाचायचं तिने?"

आई चुकत होती का? चुकत होती. परंतु आईच्या पोटात भीती असली की तोंडातून घाईच बाहेर पडते, आणि ते आवरणं बोलायला सोपं आहे.

आचार्य उठले, पायांत लाकडी खडावा सरकवल्या, सरळ मंडपात गेले, आणि नव्या जमिनीच्या एका कोपऱ्यात दणादण पाय आपटू लागले. वरची वाळलेली साय तडकली. टाचा आत रुतल्या. खालून काळा, ओला चिखल वर आला.

मुलगी धावत सुटणार होती. पण पायावर भार द्यायचा नव्हता, म्हणून काठीचा आधार घेत लंगडत आली.

"गुरुजी! वेड लागलं का तुम्हाला? इतके दिवस मी इथे डोळ्यांत तेल घालून बसले, आणि तुम्हीच नासवलीत?"

"वाळली होती की."

"वरून! वरून वाळली होती! आत ओल आहे, एवढं कळत नाही? नुसतं बघून कुणी पाय टाकतं का?"

"अगं, गुरुजींशी बोलतेस तू," आई कुजबुजली.

"बोलू द्या तिला," आचार्य म्हणाले, आणि आता त्यांचाही आवाज चढला होता. "मीही संतापलोच आहे. पोरी, या जमिनीला तू एकदा तरी म्हणालीस का, की लवकर वाळ, आळशी आहेस, माझी वैरीण आहेस? नाही म्हणालीस. तिला वेळ लागतो हे तू मुकाट्याने मान्य केलंस. मग तुझ्या हाडानेच तुझं काय वाकडं केलं? कळ थांबली म्हणजे वरची साय धरली. आत ते अजून काम करतं आहे. तुला ते स्वस्थ पडलेलं दिसतं, पण इथे सगळ्यांत जास्त कष्ट आज तेच उपसतं आहे. हा कोपरा मी संध्याकाळी पुन्हा लिंपीन. ओढ्यात माती पुष्कळ आहे. तुझ्या पायाची माती मी कुठून आणू?"

मुलीने काठीच्या टोकाने तो ओला चिखल टोकरून पाहिला.

"म्हणजे उत्सवात मी नाही," मुलगी म्हणाली.

"या उत्सवात नाहीस."

"मला राग आला आहे. तुमचं पटलं, तरीही राग आला आहे."

"येणारच. मी तुला शांत व्हायला सांगितलेलं नाही. बैस, आणि खुशाल रागावून बैस."

आईच्या ओठांवर 'अजून किती दिवस' येऊन थांबलं होतं. तिने ते गिळलं. बरं होणाऱ्या माणसाला हा प्रश्न बाहेरून विचारावा लागत नाही.

मुलगी तणतणत वळली. उत्सवावर, आईवर, आचार्यांवर, सगळ्यांवर मिळून एकदाच आपटावा म्हणून तिने तो पाय उचलला. क्षणभर तो तसाच अधांतरी राहिला. मग झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवावं, तसा तिने तो खाली ठेवला.