झाकलेला ग्लास

“शंभरात किती?” रेगेसरांनी विचारलं.

“चौऱ्याऐंशी,” सुहृद म्हणाला. क्षणभरही थांबावं लागलं नाही, याचाच त्याला अभिमान होता.

दत्ताराम रेगे एकतीस वर्षं स्कॉटलंडमधल्या व्हिस्कीच्या भट्ट्यांमध्ये पिंपं चाखत होते. आता गोव्यात, पर्वरीला राहत. दरसालच्या व्हिस्की-स्पर्धेत मुख्य परीक्षकाची खुर्ची त्यांची. यंदा ते ती सोडणार होते, आणि ती आपलीच, हे धरूनच सुहृद महांब्रे आला होता.

“का चौऱ्याऐंशी?”

“सिंगल माल्ट, शेरीच्या पिंपात अठरा वर्षं मुरलेली. मनुका, सुकं अंजीर, संत्र्याची साल. पण शेवटी काडेपेटीच्या विझलेल्या काडीचा वास येतो. पिंप निवडताना कोणीतरी घाई केली.”

एकही गोष्ट चुकली नव्हती. घोट त्याने शेजारच्या भांड्यात थुंकला होता, परीक्षक थुंकतात तसाच.

सरांनी मान हलवली. आपल्या ग्लासातून एक घोट घेतला, गिळला. मग सुहृदच्या ग्लासावर काचेची चकती ठेवली आणि माडांना पाणी घालायला परसात गेले.

अर्धा तास झाला. सुहृद आधी चिडला. मग कंटाळला. मग नुसताच बसून राहिला... परसातून पाण्याचा आवाज येत होता.

सर हात पुसत परतले. “परत बघ.”

त्याने चकती उचलली, घोट घेतला. या वेळी थुंकायचं राहूनच गेलं. काडीचा वास होता, पण आता तो देवघरातल्या नुकत्याच शांत झालेल्या वातीसारखा वाटला. त्याच्यामागून अंजिराचा गोडवा हळूहळू वर आला.

“एक्याण्णव,” तो म्हणाला. मग घाईने, “शेरीच्या पिंपातली व्हिस्की हवा लागली की खुलते, सर. हिला अर्धा तास मिळाला.”

सरांनी चकती बोटाने त्याच्याकडे सरकवली.

“झाकलेली होती.”

सुहृद चकतीकडे बघत राहिला. मघाशी ती त्यानेच उचलली होती... कान तापले. आजवर त्याने एकही आकडा बदलला नव्हता.

“मग कुठला लिहू? चौऱ्याऐंशी, की एक्याण्णव?”

सरांनी डोळे मिटले होते.

“तुम्ही किती दिलेत, सर?” या वेळी आवाज खाली आला होता.

“अजून दिले नाहीत,” सर म्हणाले. “माझा पहिला घोट संपायचाय.”