तर आली, तर लाडू निघेल

नीट बसा. मधे बोलायचं नाही. फक्त गडगड आणि चुरूचुरू म्हणायचं.

चुंद्रीला सुट्टी लागली. चुंद्री म्हणजे चिचुंद्री. उंदराएवढी, पण नाक लांब. आणि तोरा नाकाहून लांब.

चुंद्री निघाली मावशीकडे, आगगाडीने. बरोबर रव्याचा लाडू. मावशीकडे रिकाम्या हाताने जायचं? चुंद्री तसली नव्हे.

फलाटावर तिने लाडू जरा खाली ठेवला. लाडू पडला गोल. गडगड गडगड, गेला रुळावर. बसला गाडीच्या चाकामागे, घट्ट.

चुंद्रीने ओढला. निघेना. ढकलला. निघेना.

चुरूचुरू चुरूचुरू, चुंद्री गेली गार्डमामांकडे.

"गार्डमामा, गार्डमामा, गाडी हलवा.
गाडी हलेना,
माझा लाडू निघेना."

गार्डमामा चहा पीत होते. म्हणाले, "तर आली, तर गाडी हलेल."

"कोण आली तर?"

"तर."

"तर काय?"

"अगं, तर! खाडीतली मोठी होडी. तिला आमच्याकडे तर म्हणतात. तिच्यातून सुट्टीची माणसं यायचीत."

"मग असं सरळ बोलावं माणसाने," चुंद्री म्हणाली.

खाडी आली. चुंद्री बसली नारळाच्या करवंटीत. डुबुक डुबुक, डुबुक डुबुक, पोचली पलीकडे. तिथे तर उभी. तरीत पाय पसरून तांडेलकाका. तर चालवतात ते तांडेल.

"तांडेलकाका, तांडेलकाका, तर सोडा.
तर सुटेना,
गाडी हलेना,
माझा लाडू निघेना."

तांडेलकाका म्हणाले, "रिकामी कशी सोडू, बाय? विमानातली माणसं उतरली, तर तर सुटेल."

"यांचं आपलं तर तर तर," चुंद्री पुटपुटली.

चुरूचुरू चुरूचुरू, चुंद्री गेली विमानाकडे. विमान उभं, पंख पसरून. दारात पायलटताई, कपाळाला हात लावून.

"पायलटताई, पायलटताई, माणसं उतरवा.
माणसं उतरेनात,
तर सुटेना,
गाडी हलेना,
माझा लाडू निघेना."

पायलटताई म्हणाल्या, "उड्या मारायला सांगू का त्यांना? शिडी सरकली, तर माणसं उतरतील."

चुरूचुरू चुरूचुरू, चुंद्री गेली शिडीकडे. शिडी उंच, तिला खाली चाकं. चाकापाशी बाबूदादा.

"बाबूदादा, बाबूदादा, शिडी सरकवा.
शिडी सरकेना,
माणसं उतरेनात,
तर सुटेना,
गाडी हलेना,
माझा लाडू निघेना."

बाबूदादाने बोट दाखवलं. वाटेत मधोमध कुत्रा झोपलेला. घुर्रर्र, घुर्रर्र. "तो ढोल्या उठला, तर शिडी सरकेल."

उठवा की मग, असं चुंद्री म्हणाली. बाबूदादाने तीनदा उठवला होता. तिसऱ्यांदा ढोल्या त्यालाच म्हणाला, जरा हळू बोल.

चुरूचुरू चुरूचुरू, चुंद्री गेली ढोल्याच्या कानाशी.

"ढोल्या, ढोल्या, ऊठ बाबा.
ढोल्या उठेना,
शिडी सरकेना,
माणसं उतरेनात,
तर सुटेना,
गाडी हलेना,
माझा लाडू निघेना."

ढोल्याने एक डोळा उघडला. म्हणाला, "इथे विमानाची गार सावली आहे. विमान गेलं, की सावली जाईल. सावली गेली, तर उठेन." आणि डोळा मिटला.

चुंद्री मटकन खाली बसली. एकेक मिशी धरून हिशेब लावू लागली. ढोल्या अडला विमानासाठी. विमान अडलं माणसांसाठी. माणसं अडली शिडीसाठी. शिडी अडली ढोल्यासाठी. आणि या सगळ्यांपायी अडला लाडू.

"एवढाले मोठे, आणि सगळे बसून राहिलेत," ती म्हणाली.

आता चिचुंद्रीला राग आला, की काय होतं? वास येतो. कसा? सडक्या कांद्यासारखा. छे, दोन सडक्या कांद्यांसारखा.

चुंद्रीने पाठ फिरवली. शेपटी वर केली.

फुस्सस्स.

ढोल्याचं नाक हललं. मग कान हलले. मग अख्खा ढोल्या हलला. आई गं, आई गं करत जो पळाला, तो कुंपणापार.

ढोल्या उठला.
शिडी सरकली, खडखड खडखड.
माणसं उतरली, धपधप धपधप.
माणसं तरीत चढली, चुंद्रीही चढली.
तर सुटली, भुर्रर्र भुर्रर्र.
पलीकडे माणसं गाडीत बसली. चुंद्री नाही बसली. ती उभी राहिली लाडवासमोर, कमरेवर हात ठेवून.

गार्डमामांनी शिट्टी मारली. पीऽऽप. गाडी हलली, वीतभर.

आणि लाडू निघाला.

"थांबवा," चुंद्री म्हणाली. गाडी थांबली. गार्डमामा वाकून बघू लागले. लाडू एका अंगाने चपटा झाला होता.

"बरंच आहे," चुंद्री म्हणाली. "आता गडगडणार नाही."

लाडू उचलून ती डब्यात चढली. डबा गच्च भरलेला. बोट ठेवायला जागा नाही. पण चुंद्रीचा राग अजून पुरता गेला नव्हता. एकाने नाक धरलं. दुसऱ्याने धरलं. बघता बघता सगळे सरकले त्या टोकाला. अख्खं बाकडं चुंद्रीचं. खिडकीही तिचीच.

तिकडे स्टेशनवर मावशी उभी होती. मावशीही चिचुंद्रीच. गाडी अजून वळणावर होती, तोच मावशीने नाक वर केलं. लांब श्वास घेतला.

"अहाहा," मावशी म्हणाली. "आली माझी चुंद्री."

लाडू झाला अर्धा अर्धा, आणि आपली गोष्ट पुरी.