तिसरी गाठ

लई जुनी गोष्ट हाय, कुण्या काळची ते इचारू नका. एका डोंगराच्या पायथ्याला वस्ती व्हती. पंचवीस-तीस घरं, सगळी येशूला मानणारी. मधी मातीच्या भिंतीचं देऊळ, वर लाकडाचा क्रूस. क्रूस जरा वाकडा व्हता, पण व्हता.

त्या वस्तीत शांतवन नावाचा दोर वळणारा राहायचा. घायपाताची पानं कुटून वाख, म्हंजी धागं, काढायचा, एक टोक झाडाला बांधायचा आन् पीळ देत देत मागं मागं चालत जायचा. दोर असाच वळत्यात. म्होरं तोंड करून चाललं तर दोर व्हत न्हाई.

चालताना तो देवळातल्या गाण्याची शीळ घालायचा. उरलेल्या वाखाचं शेळ्यांच्या गळ्यात गोंडं बांधायचा. कोणी सांगितलं नव्हतं. त्येला हौस व्हती, बास.

तिथंच रिबकाआजी राहायची. डोळ्यांनी पार आंधळी. शांतवननं तिच्यासाठी खुंट्या ठोकून घरापासनं देवळापातूर दोर ओढला व्हता. दाराशी पहिली गाठ, ओढ्याच्या वळणाला दुसरी, देवळाच्या दारात तिसरी. म्हातारी गाठी मोजत एकटी उपासनेला यायची. उन्हापावसानं दोर कुजतो, म्हणून दर सुगीनंतर शांतवन नवा ओढायचा.

वस्तीत एक रीत व्हती. सुगी झाली की देवळात घरटी एकानं उठून साक्ष द्यायची. देवळाचे पाळकबुवा इचारायचे, "बाबा, तुला प्रभूची गाठ कुठं पडली?" कोण म्हणायचा, आजारात पडली. कोण म्हणायचा, सपनात. शांतवनच्या घरातनं त्येचा बाप उठायचा. बाप वारला, आन् त्या साली पाळी शांतवनवर आली.

तो उठला. 

"मी... मी दोर वळतो," एवढंच बोलला.

सगळे हसले. दानिएल नावाचा एक जण व्हता, पाळकबुवा सोडलं तर वस्तीत त्येला एकट्यालाच वाचता यायचं. तो म्हणला, "बस खाली, दोरवाल्या! तुझं चालणंच उलटं. देव म्होरं आन् तू मागं. गाठ पडायची कशी?"

पाळकबुवांनी डोळं वटारलं, पण हसणं झालं ते झालं. हसायला अक्कल लागत न्हाई, म्हणून तर माणसं पोटभर हसत्यात.

मग प्रभुभोजनाची भाकर आली. येशूची आठवण म्हणून सगळी ती वाटून खात. शांतवननं ताट तसंच शेजाऱ्याकडं सरकवलं.

"आरं, घे की," पाळकबुवा हळूच म्हणले.

"न्हाई. मला प्रभूची गाठ पडली न्हाई. पडंल तवा घीन. न्हाई पडली, तर मी तुमच्यातला न्हाईच."

दुसऱ्या दिवशी त्येनं वाखाचा भारा कोपऱ्यात फेकला आन् डोंगरावर हिवराच्या झाडाखाली जाऊन बसला. डोळं मिटलं, हात जोडलं. रोज सकाळी जायचा, दिवस मावळला की यायचा. देव काय येईना. आन् हात काय गप बसंनात. जरा ध्यान सुटलं की बोटं गवताच्या काड्या वळाय लागायची. मग तो आपल्याच हातावर चापट मारायचा.

"गप, मेल्या! प्रार्थना चाललीय!"

देवानं दिलेल्या हाताला मारून देव शोधत व्हता. काय म्हणावं आता!

असं करता करता खाली म्हातारीचा दोर कुजून तुटला. एक रविवार ती आली न्हाई. दुसरा आली न्हाई. तिसरा न्हाई. देवळात गाणारे गायले, वाचणाऱ्यानं वाचलं, पण आजी कुठं हाय म्हणून एकानं इचारलं न्हाई. लाज वाटाय पायजे व्हती.

चौथ्या रविवारी शांतवन डोंगरावर बसला व्हता. खाली कोणतरी मोडक्या आवाजात गात असल्यागत वाटलं. त्येनं डोळं उघडलं. रिबकाआजी तुटक्या दोराचं टोक हातात धरून, चाचपडत, भलत्याच दिशेला चालली व्हती. म्होरं ओढ्याची दरड. खाली नुसतं धोंडं.

"आजे, थांब! जागची हालू नको!"

तो धावत सुटला. पायात काटं घुसलं, धोतर फाटलं. दोन पावलं ऱ्हायली व्हती, तवा त्येनं तिचा दंड धरला.

म्हातारीनं त्येचा तळहात चाचपला. दोर वळून पडल्यालं घट्टं हाताला लागलं.

"शांतवन व्हय रं? कुठं मेला व्हतास इतके दिस?"

"डोंगरावर."

"तिथं काय पुरलंय?"

"आजे, मला प्रभूची गाठ पडंना. म्हणून वर बसतो."

म्हातारी हसली न्हाई. खवळली.

"आरं येड्या! ह्या वस्तीत सगळ्यांत जास्त गाठी तू मारल्यास, आन् तुलाच गाठ पडंना? माझ्या दारात एक, वळणाला एक. तिसरी हाताला लागली की मला प्रभू गावायचा. ती तिसरी गाठ कोणी मारली? दानिएलनं?"

शांतवननं तुटक्या दोराचं टोक उचललं.

"बोल की!"

"मी मारली."

"मारताना कोणाचं नाव घेत व्हतास?"

"नाव न्हाई घेतलं. शीळ घालत व्हतो. येशूच्या गाण्याची."

"मग? तो तुझ्यासंगं दोराचं दुसरं टोक धरून उभा व्हता. आन् तू त्येला टाकून डोंगरावर पळालास!"

शांतवन तिथंच दरडीवर बसला आन् पोरावाणी रडला. म्हातारीनं त्येच्या डोक्यावर हात ठिवला.

"रडून झालं की दोर वळ," ती म्हणली. "मला घरी बसून कटाळा आलाय."

आठवडाभर वस्तीत परत शीळ ऐकू आली. शांतवननं नवा दोर ओढला, पहिल्यापेक्षा जाड. रविवारी रिबकाआजी गाठी मोजत आली. तिसऱ्या गाठीवर हात ठिवून तिनं मोठ्यांदा "आमेन!" केलं. सगळी देवळाबाहेर बघाय लागली.

पाठोपाठ शांतवन आला आन् न इचारता उभा राहिला.

"मी दोर वळतो," तो म्हणला.  "दानिएलभाऊ, मी उलटा चालतो, खरं हाय. माझं डोळं दोरावर असत्यात. पाठीमागं काय हाय ते प्रभू बघतो. म्हणून आजवर पडलो न्हाई. हीच माझी साक्ष."

कोणी हसलं न्हाई. दानिएल मान खाली घालून बसला. पाळकबुवांनी भाकरीचं ताट म्होरं केलं. शांतवननं भाकर घेतली. बोटांना वाखाचं तंतू तसंच चिकटल्यालं व्हतं.

तवापासनं त्या वस्तीत साक्ष द्यायला उठलं, की माणसं आधी आपलं हात म्होरं करून दाखवत्यात.

बोध एवढाच: जे काम तू प्रभूची शीळ घालत करतोस, तिथंच त्येची गाठ पडती आन् तिथंच तू कोण ते कळतं.